पांढऱ्या फरशीवरचा थेंब

दातांच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली, खाली उतरल्या आणि मोबाइल पुढे केला. फोटोत पांढरीशुभ्र फरशी होती आणि फरशीच्या मधोमध काळा थेंब. तसा थेंब तो केवढासा, पण ज्याच्या पोर्चमध्ये पडतो त्याला तो परातीएवढा दिसतो. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी ती फरशी नुकतीच मोठ्या हौसेने बसवून घेतली होती. रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते पोर्चमध्ये जात, गाडी मागे घेत, उकिडवे बसत आणि थेंब सापडला की घर डोक्यावर घेत.

"मी एखाद्या पेशंटला एकाच दाढेसाठी तिसऱ्यांदा बोलावलं तर तो येईल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही येणार, मॅडम," छोटी म्हणाली.

"मी आलेय. शनिवारी सकाळी गाडी न्यायला येते. तेव्हाही ठिबकत असेल तर मी दुसरं गॅरेज बघते आणि आमचे हे गाडीच विकून टाकतात." एवढं बोलून त्या रिक्षा शोधायला निघून गेल्या.

छोटी ही गॅरेजच्या मालकाची मुलगी. घरात सगळ्यांत उंच तीच. शाळेत असतानाच तिने बापाला उंचीत मागे टाकलं होतं, पण एकदा चिकटलेलं नाव सुटतंय कसलं. बापाला सगळे उस्ताद म्हणत. म्हणावं असाच माणूस होता तो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून गाडीच्या मालकाचा स्वभाव सांगायचा आणि तो बहुतेक वेळा वाईटच सांगायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र डॉक्टरांनी त्याला वाकायला, बसायला, गाडीखालच्या खड्ड्यात उतरायला बंदी केली. मेकॅनिकला वाकू नको म्हणणं म्हणजे काम करू नको म्हणणंच झालं. तेव्हा छोटी शोरूममधली नोकरी सोडून आली आणि उस्ताद भंगारातल्या गाडीची सीट गॅरेजच्या दाराशी टाकून तिच्यावर विराजमान झाले. बंदी वाकण्याला होती, बोलण्याला नव्हती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.

शोरूमच्या नोकरीत छोटीचं काम हसून स्वागत करायचं आणि गिऱ्हाइकाची तक्रार कॉम्प्युटरवर टाइप करायचं. तिथे एसी होता, युनिफॉर्म होता, कॉफीचं मशीन होतं. नव्हतं ते एवढंच, की तिथे कुणी तिला बोनेट उघडू देत नव्हतं. इथे तिचे हात दिवसभर काळे असत आणि ती दिवसभर गुणगुणत असे. तिला हे गॅरेज हवं होतं. लहानपणी खेळणं हवं असतं तसं, रडून मागावंसं वाटण्याइतकं हवं होतं.

आणि तेच आता हातचं जायची वेळ आली होती.

"इकडे ये," सीटवरून हुकूम आला. छोटी गेली. "माझ्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत कधी आली नाही. ही तिसऱ्यांदा आलीय. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही."

"म्हणताय की, बाबा."

"बरं, म्हणतोय. माझं नाव लोकांच्या पोर्चमध्ये ठिबकायला लागलंय. टायरवाला जागेसाठी कधीचा मागे लागलाय. त्याला शनिवारी यायला सांगितलंय. देऊन टाकतो भाड्याने. तू शोरूममध्ये परत जा. तुझी जागा अजून रिकामी आहे, मी चौकशी केली."

"आणि शनिवारपर्यंत गाडी कोरडी झाली तर?"

उस्तादांनी हनुवटी खाजवली. "तर टायरवाल्याला चहा पाजून परत पाठवतो. गॅरेज तुझं."

छोटी तशी गाफील राहणारी मुलगी नव्हती. पहिल्या वेळी इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग खरोखरच वेडंवाकडं बसून चिरलं होतं. चिरलेलं रबर तेलाला वाट करून देतं. तिने नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट एका आड एक असे सारख्या जोराने आवळले आणि मापाच्या भांड्याने मोजून नवं तेल भरलं. आठ-दहा दिवसांत गाडी परत. दुसऱ्या वेळी थेंब इंजिनाच्या तळाच्या बोल्टाला लोंबकळत होता, म्हणून तिने बोल्टाचा वॉशर बदलला आणि पुन्हा मोजून तेल भरलं. गाडी पुन्हा परत.

तेल ही भलती लबाड चीज आहे. ते झिरपतं एकीकडे, वाऱ्याने मागे सरकतं, कडेकडेने खाली उतरतं आणि सगळ्यांत खालच्या टोकाला जाऊन असं लटकतं की जणू त्याचा जन्मच तिथला. थेंब जिथे दिसतो तिथे दुखणं असेलच असं नाही. हे छोटीला पाठ होतं, तरी दुसऱ्या वेळी ती घाईत फसली. या वेळी फसायचं नाही असं तिने ठरवलं.

तिने गाडी खड्ड्यावर घेतली आणि इंजिन वरपासून खालपर्यंत रॉकेल आणि ब्रशने घासून काढलं. कॉम्प्रेसरच्या हवेने कानाकोपरा सुकवला. मग घरात गेली. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दारातून दोन पावलं. आईच्या कपाटातून टाल्कम पावडरचा मोठा डबा तिने उचलला आणि अख्खा डबा इंजिनावर उधळला. स्वच्छ, कोरड्या, पांढऱ्या इंजिनावर तेल जिथून निघेल तिथून काळी रेघ उमटते, आणि रेघेचं वरचं टोक धरलं की चोर सापडतो.

दुपारी आई जेवायला बोलवायला आली ती दारातच थांबली. सगळ्या गॅरेजला गुलाबाचा वास येत होता.

"माझी पावडर कुठंय?"

"गाडीला लावली."

आईने खड्ड्यात डोकावून पाहिलं. "बाई गं. मला आयुष्यात कधी एवढी लावायला मिळाली नाही. कुणाच्या लग्नाला निघालीय ही?"

"आई, शनिवारपर्यंत ही कोरडी झाली नाही तर मीच निघाले. शोरूमला."

आईचं हसू मावळलं. तिने एकवार दाराशी सीटवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्या कपाटात आणखी एक डबा आहे म्हणाली आणि गेली.

छोटीने गाडी मोठ्या रस्त्याने चांगली लांब फिरवून आणली, पुन्हा खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन खाली उतरली. नवं पॅकिंग पांढरं. वॉशर पांढरा. तळाच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरच्या कडा पांढऱ्या. फक्त इंजिनाच्या पाठीमागे, सहसा कुणी बघत नाही तिथे, एक काळी रेघ वरून खाली आली होती. तिने वरचं टोक धरलं. ते ब्रीदर पाइपच्या सांध्यापाशी पोचलं. इंजिनाने श्वास सोडायचा हा पाइप. त्यातून वाफ यावी, तेल येऊ नये. पाइप काढून उलटा धरला तर त्यातून फेसाळलेलं तेल बोटावर आलं.

इंजिन आतून झिजलं की असं होतं, आणि झिजलेलं इंजिन दुरुस्त करणं शनिवारपर्यंत काय, पुढच्या महिन्यातही होणारं काम नव्हतं. पण गाडी अजून कोवळी होती. आवाज साफ, धूर नाही. मग इंजिन तेल का ओकतंय? जेवण जास्त झाल्यावर माणूस ओकतो त्याच कारणाने, असं तिच्या मनात आलं आणि तिने तेलाची पातळी मोजायची पट्टी ओढून पाहिली.

ही पट्टी या गाडीत तिने आजवर एकदाही ओढली नव्हती. स्वतःच्या हाताने मोजून ओतलेलं तेल पुन्हा काय बघायचं, हा तिचा तोरा. पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं. इतकं तेल असलं की आतला फिरता दांडा ते घुसळून काढतो, त्याचा फेस होतो आणि फेसाला बाहेर पडायला ब्रीदरखेरीज वाट नसते.

आधी तिला आपल्याच भांड्याचा संशय आला. तिने सीलबंद कॅन उघडून त्यात ओतून पाहिला. माप चोख होतं. मग तिने डॉक्टरीणबाईंच्या यजमानांना फोन लावला.

"साहेब, तुम्ही गाडीत वरून तेल घातलंत का?"

"मी?" यजमान दुखावले. "अहो, मला बोनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. मी फक्त फरशी पुसतो."

भुताने ओतलं असं तर म्हणता येईना. तिने जादा तेल खालच्या बोल्टातून काढून बरोबर खुणेवर आणलं, पाइप धुतला, सांधा पुसला, आईचा दुसरा डबा उधळला आणि गाडी पुन्हा लांब फिरवून आणली. खड्ड्यात उतरली तर सगळं इंजिन पांढरंशुभ्र. रेघ नाही, ठिपका नाही. छोटी खड्ड्यातच टाळ्या पिटत नाचली आणि तिचं डोकं सायलेन्सरवर आपटलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती ब्रीदरच्या पाइपसाठी नवी क्लिप आणायला गेली. परत आली तर सीट रिकामी होती. डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं बोनेट उघडं होतं आणि उस्ताद एका हाताने काठी टेकून दुसऱ्या हाताने लांब नाकाच्या टिनातून गाडीत तेल ओतत होते. चेहरा असा प्रसन्न, की झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाचा असावा.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. वाटेपुरतं घालतोय."

"काय पुरतं?"

"वाटेपुरतं. उद्या गाडी जायचीय ना? माझ्या उस्तादांनी मला शिकवलं, गाडी दारातून कधी तशीच जाऊ द्यायची नाही. वाटेत तेल कमी पडून एखादा अडकला तर शिव्या मेकॅनिकला. म्हणून आपलं प्रत्येक गाडीत थोडं वरून. मी कधी चुकवलेलं नाही."

छोटीने क्लिप बाकावर ठेवली. "मागच्या दोन्ही वेळी घातलंत?"

"मग? तू बिल करायला आत गेलीस की मी उठतो. तेवढं उभं राहायला डॉक्टरांची हरकत नाही."

छोटीला आधी राग आला. खरंच आला, कानशिलं तापली. दोन आठवडे ती रात्री पडल्या पडल्या स्वतःला दोष देत होती, आणि इकडे हे गृहस्थ झारी घेऊन फिरत होते. मग तिच्या डोळ्यांसमोर पोर्चमध्ये उकिडवे बसलेले यजमान आले आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. ती टायरच्या ढिगाऱ्यावर बसून पोट धरून हसली.

"हसायला काय झालं?" उस्ताद म्हणाले.

तिने सांगितलं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि साफ झटकून टाकलं. "अगं, चार थेंब जास्त झाल्याने कधी कुठल्या इंजिनाचं बिघडलंय? इतकी वर्षं ओततोय. एक गाडी परत आलेली नाही."

"कारण त्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्या, बाबा. त्या तेल पितात. तुम्ही घातलेलं घरी पोचेपर्यंत जिरवतात. ही नवी. ही थेंबभर पीत नाही. मग तुमचं तेल जाणार कुठे?"

"पुस्तकी बोलू नकोस."

"बरं. बसा गाडीत."

टिनातलं उरलेलं तेल तिने त्यांच्याच हाताने ओतायला लावलं. दोघं मोठ्या रस्त्याला लांबची फेरी मारून आली. उस्ताद वाटभर गिअर कधी बदलायचा ते सांगत होते. परत आल्यावर प्रश्न आला तो असा, की उस्तादांना वाकता येत नव्हतं आणि रेघ होती इंजिनाच्या पाठीमागे. छोटीने घरातून आईचा हात-आरसा आणला, तो इंजिनामागे धरला आणि दुसऱ्या हाताने टॉर्चचा उजेड टाकला. उस्तादांनी चष्मा लावला.

आरशात पांढरी पावडर होती आणि पावडरीतून काळी, ताजी, ओली रेघ हळूहळू खाली उतरत होती. रेघ चेंबरच्या कडेशी पोचली, थेंब झाली आणि खाली पडली.

"काढून टाक जास्तीचं," उस्ताद म्हणाले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि काठी टेकत घरात निघून गेले. त्या संध्याकाळी ते चहालाही बाहेर आले नाहीत.

"काय बोललीस त्यांना?" आईने स्वयंपाकघरात विचारलं.

"काही बोलले नाही. आरसा दाखवला." आणि छोटीला एकदम रडू आलं. जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. "आई, त्यांची आयुष्यभराची सवय होती गं. चांगल्या मनाने करत होते."

"चांगल्या मनाने केलेलं सगळ्यात उशिरा कळतं," आई म्हणाली. "बघू आता. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. रुसले तर शब्द विसरतात."

छोटीला तीच धास्ती होती. गाडी कोरडी झाली होती, शब्द दिलेला होता, पण दुखावलेला बाप शब्द पाळेल की जागा देऊन मोकळा होईल, याचा काही भरवसा नव्हता. तिने जादा तेल काढलं, इंजिन पुन्हा धुतलं आणि एक गोष्ट पक्की ठरवली. बाबांचं नाव ती कुणापुढे घेणार नाही. टायरवाल्यापुढे तर नाहीच. तो माणूस म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र.

शनिवारी सगळ्यांत आधी टायरवालाच आला. हातात मोजायची टेप होती. उस्ताद सीटवर बसले होते, त्यांनी मान हलवली, आणि तो भिंतीला टेप लावून मापं घेऊ लागला. इथे काउंटर, इथे हवेचं मशीन, हा खड्डा बुजवावा लागेल, असं तो मोठ्याने बोलत होता. उस्ताद त्याला अडवत नव्हते. छोटी फडक्याने एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी छोटीने रात्रभर गाडीखाली पसरून ठेवलेला पांढरा पुठ्ठा ओढून काढला आणि उजेडात धरून उलटसुलट पाहिला. पुठ्ठा कोरा होता.

"अरे वा. होतं काय मग?"

"तेल जास्त भरलं गेलं होतं, मॅडम," छोटी म्हणाली. "पट्टी ओढून बघायची माझी राहिली. चूक माझी."

"म्हणजे एवढ्याशा गोष्टीसाठी मी तीन खेपा घातल्या?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "आणि आमच्या ह्यांनी दोन आठवडे घरात कुणाला सुखाने चहा पिऊ दिला नाही. तुम्ही नव्या आहात म्हणून मी धीर धरला, पण हे जरा जास्तच झालं."

टायरवाल्याने टेपने मापता मापता कान टवकारले. "तरी मी म्हणत होतो, उस्ताद," तो म्हणाला, "तुमच्यानंतर इथे काही खरं नाही. मग चावी आजच देताय ना?"

छोटी खाली बघत उभी राहिली. बोलायचं नाही असं तिनेच ठरवलं होतं.

सीटची स्प्रिंग करकरली. उस्ताद काठी न घेताच उभे राहिले होते.

"डॉक्टरीणबाई, हिने मोजूनच भरलं होतं. जास्तीचं मी ओतलं, वाटेपुरतं म्हणून. तिन्ही वेळा. ही आत गेली की मी चोरून ओतायचो. हिला सांगितलं नाही, आणि वर हिलाच बोल लावला. दुखणं हिने शोधून काढलं. मला आरशात दाखवलं, तरी रात्रभर मला पचत नव्हतं. सकाळी पचलं."

डॉक्टरीणबाईंनी बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. "उस्ताद, मी दाढ भरताना वाटेपुरतं सिमेंट जास्त घालत नाही हो."

"शिकतोय, बाई. या वयात शिकतोय." मग ते टायरवाल्याकडे वळले. "टेप गुंडाळ. आत चहा झालाय. तो पी आणि तुझ्या दुकानात जा."

"पण तुम्ही तर म्हणाला होता..."

"गाडी कोरडी झाली तर चहा, असं म्हणालो होतो. झाली कोरडी."

डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या. तोच दारात एक जुनाट, खडखडणारी व्हॅन येऊन थांबली आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "उस्ताद, जरा बघा हो. खालून तेल गळतंय."

उस्ताद सीटवर निवांत टेकले. "मला काय विचारतोस?" ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मालकीण ती आहे. तिला विचार."

छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात काळे असल्यामुळे ते पुसताही येईना. मग तिने तशीच मान खाली घालून व्हॅनचं बोनेट उघडलं.